दुसऱ्या बाजूचं गाणं: 'टेंटेड लव्ह'चा प्रवास आणि त्याचा हिशेब

१९६५ साली अमेरिकेत चॅम्पियन नावाच्या लेबलची एक सात इंची तबकडी बाजारात आली. पहिल्या बाजूवर 'माय बॅड बॉइज कमिंग होम' हे गाणं होतं. रेडिओवाल्यांनी वाजवावं आणि लोकांनी दुकानात जाऊन मागावं म्हणून ते निवडलेलं होतं. तबकडीला दुसरी बाजू असतेच, ती भरावी लागते, म्हणून मागे आणखी एक गाणं घातलं होतं: 'टेंटेड लव्ह'. लांबी दोन-सव्वादोन मिनिटं, गायिका ग्लोरिया जोन्स, वय एकोणीस-वीस. पहिली बाजू चालली नाही. दुसरीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

सोळा वर्षांनी हेच गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. तोवर गाणारा आवाज बदलला होता, वाद्यं बदलली होती, देश बदलला होता. आज जगात बहुतेकांना माहीत आहे ते हे दुसरं रूप, आणि त्यातल्या कित्येकांना ते कव्हर आहे, म्हणजे आधीच्या कुणाचं गाणं पुन्हा गायलेलं आहे, याचा पत्ताही नसतो.

सोल या अमेरिकेतल्या काळ्या कलाकारांच्या संगीतात कव्हर झालेल्या गाण्यांना तोटा नाही. तरी अभ्यासाला मी हेच घेतलं, कारण एक गाणं जगवायला किती हात लागतात ते इथे सुटं सुटं दिसतं. लिहिणारा एक, गाणारी दुसरी, जपणारे तिसरे, नव्याने बांधणारे चौथे. यातल्या तिघांचा गाण्यावरचा हक्क कागदावर कुठेच नव्हता, आणि गाणं टिकलं ते मुख्यतः त्या तिघांमुळे. हे प्रकरण मला त्यासाठी मांडायचं आहे.

लॉस एंजेलिस, १९६४

गाणं लिहिलं एड कॉबने. हा मूळचा 'फोर प्रेप्स' या गोऱ्या गायक-चौकडीतला, पुढे गीतकार आणि निर्माता झाला. ब्रेंडा हॉलोवेने गायलेलं 'एव्हरी लिटल बिट हर्ट्स' हे मोटाउन या मोठ्या सोल कंपनीचं १९६४ मधलं गाणं त्याचंच. ग्लोरिया जोन्सचा जन्म सिनसिनाटीचा, पण ती वाढली लॉस एंजेलिसमध्ये, चर्चच्या गाण्यांत. तिथल्या तरुणांच्या 'कॉजिक्स' या गॉस्पेल गटात तिच्याबरोबर बिली प्रेस्टन आणि आंद्रे क्राउच होते. दोघेही पुढे मोठे झाले. चर्चमध्ये गळा तयार झालेली मुलगी आणि पॉपच्या बाजारात मुरलेला गीतकार ही जोडी त्या काळच्या सोल संगीतात नेहमीची होती.

गाण्याचा आशय साधा आहे. या प्रेमाने मला झोप लागत नाही, मला इथून निघून जायचं आहे, मी तुला सगळं दिलं आणि तुला ते पुरलं नाही. 'टेंटेड' म्हणजे डाग पडलेलं, नासलेलं. दुधात मिठाचा खडा पडावा तसं झालेलं प्रेम. हा शब्द लक्षात ठेवायला हवा, कारण पुढे प्रत्येक पिढीने त्यात आपापला अर्थ भरला.

ध्वनिमुद्रण १९६४ चं, तबकडी १९६५ ची. ते वर्ष मोटाउनच्या भरभराटीचं होतं, आणि छोट्या लेबलांच्या तबकड्या रेडिओ स्टेशनांवर ढिगांनी येऊन पडत. त्या ढिगातली दुसरी बाजू कोण ऐकणार? गाणं वाईट होतं म्हणून पडलं असं मी तरी मानत नाही. ते योग्य कानांपर्यंत पोचलंच नाही. ते कान त्या वेळी अटलांटिकच्या पलीकडे होते.

उत्तरेतली रात्र

विगन, बोल्टन, ब्लॅकपूल, मँचेस्टर हा इंग्लंडच्या वायव्येचा पट्टा. यात कापडगिरण्या आल्या, कोळशाच्या खाणी आल्या, समुद्रकाठची करमणुकीची गावंही आली. १९६० च्या दशकाच्या शेवटी लंडनची फॅशन पुढे सरकली, मंद आणि जड फंक संगीत आलं, पण इथल्या पोरांना साठच्या दशकाच्या मध्यातलं वेगवान अमेरिकन सोलच हवं होतं. लंडनच्या दुकानात बसून डेव्ह गॉडिन नावाच्या दर्दी माणसाने हे ओळखलं. उत्तरेकडून आलेल्या गिऱ्हाइकांना काय दाखवायचं ते दुकानातल्यांना चटकन कळावं म्हणून त्याने 'नॉर्दर्न सोल' असं नाव पाडलं. ते नाव चिकटलं.

या मंडळींची एक गोष्ट मला फार भिडते. अमेरिकेत जे गाणं गाजलं ते त्यांना नको असायचं. जे पडलं, ज्याच्या मोजक्या प्रती निघाल्या, ज्याचं नाव कुणी घेत नाही, ते त्यांना हवं होतं. डीजे लोक अमेरिकेत जाऊन गोदामं धुंडाळत, धूळ खात पडलेल्या तबकड्या पेट्या भरून आणत. एखादी दुर्मीळ तबकडी सापडली की दुसऱ्या डीजेला नाव कळू नये म्हणून तिच्या लेबलवर कागद चिकटवत आणि खोटंच नाव जाहीर करत.

रिचर्ड सर्लिंग त्यांतलाच एक. १९७३ मध्ये तो अमेरिकेत गेला असताना फिलाडेल्फियात त्याला ग्लोरिया जोन्सची ती आठ वर्षांपूर्वीची तबकडी मिळाली. त्याने ती उलटी करून लावली. बोल्टनच्या 'वा वाज' क्लबमध्ये आणि पुढे विगन कसिनोत तो ती वाजवू लागला.

विगन कसिनो म्हणजे जुगाराचा अड्डा नव्हे, तो एक जुना नाचाचा हॉल होता. २३ सप्टेंबर १९७३ ला तिथली पहिली 'ऑल-नाइटर' झाली. दारं उघडायची मध्यरात्र उलटल्यावर, दोनच्या सुमारास, आणि नाच चालायचा सकाळी आठपर्यंत. दारू मिळत नसे. पोरं खांद्याला बॅग अडकवून येत, बॅगेत कोरडे कपडे आणि टाल्कम पावडर. पावडर लाकडी जमिनीवर भुरभुरायची, म्हणजे चामड्याच्या तळव्याचे बूट सर्रकन घसरतात. मग गिरक्या, मागे झोकून देणं, हातावर पडून पुन्हा उभं राहणं. बहुतेक जण एकेकटे नाचत, जोडीने नव्हे. आठवडाभर पाळी करून आलेला माणूस त्या जमिनीवर चार हात जागेचा मालक असायचा.

अशा ठिकाणी 'टेंटेड लव्ह' लागलं की काय होत असेल ते कळायला गाणं एकदा ऐकावं लागतं. पहिल्या ठोक्यापासून ते पळतं. शब्द पळून जाण्याचे, आणि ताल पळायला लावणारा. दुःख आणि वेग एकत्र, हीच तर नॉर्दर्न सोलची खरी आवड. दहा वर्षांपूर्वी अमेरिकेत कुणी न घेतलेली गायिका इंग्लंडच्या उत्तरेत 'नॉर्दर्न सोलची राणी' म्हणून ओळखली जाऊ लागली. १९७५ मध्ये रूथ स्वॉनने ते ब्रिटनमध्ये गायलं. १९७६ मध्ये खुद्द ग्लोरियाने 'व्हिक्सन' या अल्बमसाठी ते पुन्हा मुद्रित केलं. निर्माता होता तिचा जोडीदार, 'टी. रेक्स' या बँडचा मार्क बोलन. तेही चाललं नाही. माझ्या कानाला त्यात १९६५ चं ते अनवधान नाही, ज्यात गायिका आपण काहीतरी टिकाऊ करतोय हे न जाणता गाते.

खाली आणलेली पट्टी

लीड्सच्या पॉलिटेक्निकमध्ये कला शिकणारी दोन मुलं: मार्क आल्मंड साउथपोर्टचा, डेव्हिड बॉल ब्लॅकपूलचा. म्हणजे दोघेही त्याच पट्ट्यातले. बॉल नॉर्दर्न सोल ऐकत मोठा झालेला. त्यांनी 'सॉफ्ट सेल' नावाची जोडी काढली, एक गाणारा, एक सिंथेसायझर वाजवणारा. १९८१ च्या सुरुवातीचं त्यांचं 'मेमोराबिलिया' क्लबांत वाजलं, पण खपाच्या यादीत वर आलं नाही. कंपनीकडून आणखी एक संधी मिळाली. त्या संधीला त्यांनी 'टेंटेड लव्ह' निवडलं. मंचावर ते ते आधीपासून करत होते.

निर्माता माइक थॉर्न. दीड दिवसात काम झालं, आणि आल्मंडने जो पहिला टेक दिला तोच अखेर तबकडीवर गेला. आल्मंडच्या गळ्याला झेपावं म्हणून गाण्याची पट्टी खाली आणली, आणि लयही मूळच्यापेक्षा बरीच संथ केली. या दोन निर्णयांनी गाण्याचा स्वभावच पालटला.

दोन्ही रूपं एकामागून एक, हेडफोन लावून ऐकावीत. जोन्सच्या गाण्यात गर्दी आहे: ड्रम, गिटार, ब्रास म्हणजे पितळी फुंकवाद्यं, मागे बायकांचा कोरस. सगळे तिला ढकलत पुढे नेतात. ती जणू पळून निघालीच आहे, मागे वळून दोन शब्द सुनावते आहे. तिच्या आवाजात राग आहे, आणि ती जाणार याबद्दल आपल्याला शंका राहत नाही.

सॉफ्ट सेलने ही सारी माणसं खोलीतून बाहेर काढली. ब्रास गेलं, गिटार गेली. उरला एक कोरडा यांत्रिक ठोका, एक सिंथचा घुमारा आणि एकटा गायक. मला जावंसं वाटतं, असं तो म्हणायला लागतो आणि वाक्य पुरं व्हायच्या आत दोन टोचरे इलेक्ट्रॉनिक ठोके पडतात. 'टिंक-टिंक'. मग उरलेलं वाक्य. जोन्सच्या मुद्रणात त्या जागी जो धक्का आहे तो वाद्यांच्या लोंढ्यात वाहून जातो. इथे आजूबाजूला मोकळी जागा असल्यामुळे तो दारावरच्या टकटकीसारखा ऐकू येतो. गायक थबकतो. आल्मंडचा सूर जागोजाग हलतो, काठावर येतो, आणि पहिलाच टेक ठेवल्यामुळे ते कुणी घासून गुळगुळीत केलेलं नाही. जोन्स निघून जाते. आल्मंड जातो जातो म्हणत तिथेच उभा आहे.

कव्हर कसं करावं असं मला कुणी विचारलं तर मी हे दाखवेन. एकही सूर नवा न रचता, नुसतं काढून टाकून आणि हळू करून त्यांनी शब्दांचा उलटा अर्थ बाहेर आणला.

सिंगल जुलै १९८१ मध्ये आला, सप्टेंबरमध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, आणि एकट्या ब्रिटनमध्ये दहा लाखांवर प्रती खपल्या. अमेरिकेत तो जानेवारी १९८२ मध्ये बिलबोर्ड मासिकाच्या 'हॉट हंड्रेड' यादीत अगदी तळाशी, ९० व्या क्रमांकावर शिरला, रखडत रखडत जुलैमध्ये आठव्यावर पोचला, आणि एकूण ४३ आठवडे यादीत राहिला. तोवर कुठलंच गाणं त्या यादीत इतकं टिकलं नव्हतं.

मागच्या बाजूला काय घालायचं

आता हिशेब. इथे या प्रकरणातला सर्वांत महागडा निर्णय येतो, आणि तो घेताना पैशाचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता.

रेकॉर्ड विकली की दोन वेगळ्या वाटांनी पैसे निघतात. एक वाट गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची, कंपनीशी झालेल्या करारातून. दुसरी गाणं लिहिणाऱ्याची, ज्याला मेकॅनिकल रॉयल्टी म्हणतात. अमेरिकेत १९०९ च्या कॉपीराइट कायद्याने एक सोय केली: गाणं एकदा रेकॉर्डवर आलं की पुढे कुणीही ते गाऊन रेकॉर्ड काढू शकतो, लिहिणाऱ्याने हरकत घ्यायची नाही, फक्त ठरलेली रक्कम त्याला द्यायची. ती रक्कम १९०९ पासून १९७७ पर्यंत प्रत्येक प्रतीमागे प्रत्येक गाण्याला २ सेंट होती, १९८१ मध्ये ४ सेंट. ब्रिटनमध्ये १९५६ च्या कायद्याने किरकोळ किमतीच्या सव्वासहा टक्के, आणि ते तबकडीवरच्या गाण्यांत वाटले जात.

यातली मेख अशी की रॉयल्टीच्या लेखी दोन्ही बाजू सारख्या. लोक पहिल्या बाजूसाठी तबकडी घेतात, पण दुसऱ्या बाजूचं गाणं लिहिणाऱ्यालाही तेवढेच पैसे मिळतात. म्हणून त्या काळचे जाणते कलाकार कव्हर काढताना मागच्या बाजूला आपलं स्वतःचं, कसलंही का असेना, एक गाणं ठेवत. कव्हर गाजलं की ते मागचं गाणं त्याच्या पाठीवर बसून पैसे आणायचं.

सॉफ्ट सेलने मागे ठेवलं 'व्हेअर डिड अवर लव्ह गो'. मोटाउनच्या सुप्रीम्स या गायिकांच्या गटाचं १९६४ चं गाणं, लिहिणारे हॉलंड, डोझियर आणि हॉलंड. बारा इंची तबकडीवर तर दोन्ही गाणी सलग जोडली, जवळजवळ नऊ मिनिटं: पहिल्याच्या शेवटातून दुसरं हळूच वर येतं. सुंदर कल्पना आहे ती. प्रेम नासलं, मग ते गेलं कुठे हा प्रश्न. दोन्ही गाणी एकाच काळातली, दोन मुलांच्या आवडीची. पण त्यामुळे दहा लाखांवर खपलेल्या तबकडीच्या एका बाजूची लेखन-रॉयल्टी कॉबकडे गेली, दुसऱ्या बाजूची मोटाउनच्या त्या तिघांकडे, आणि ज्यांनी हे सगळं घडवलं त्यांच्या वाट्याला त्या खात्यातून काहीच आलं नाही. गायक-वादक म्हणून करारातलं मिळालं असेल तेवढंच. आल्मंडने पुढे याची खंत बोलून दाखवली आहे.

मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. ती दोन गाणी शेजारी ठेवणं ही एका श्रोत्याने दुसऱ्या श्रोत्याला दिलेली भेट होती. पण गाण्याच्या धंद्यात उतरणाऱ्या कुठल्याही तरुण पोरापोरींना हा हिशेब कुणीतरी आधी समजावून सांगायला हवा, असं मला कळकळीने वाटतं. आपल्याकडेही कव्हर करणाऱ्यांची पिढी उभी आहे. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२(१)(जे) दोन वर्षांनंतर सूचना देऊन आणि रॉयल्टी भरून 'व्हर्जन' काढू द्यायचं. कॅसेटच्या काळात जुनी गाणी नव्या आवाजांत आली ती याच दारातून. २०१२ च्या दुरुस्तीने त्याजागी ३१-सी हे कलम आलं आणि मुदत पाच वर्षांची झाली. आकडे वेगळे, पण पैसा जातो तो रचणाऱ्याच्या आणि हक्क धरून बसलेल्याच्या घरी.

आणि ग्लोरिया जोन्स? कायद्याच्या लेखी ती आधीच्या एका ध्वनिमुद्रणाची गायिका. तिच्या गाण्याचं कव्हर झालं असं आपण बोलतो, पण कव्हर होतं ते कॉबच्या गाण्याचं. शब्द कुठे ओढायचा, कुठे तोडायचा हे तिने ठरवलं, आल्मंड त्याच खुणांवरून चालला. तरी त्या दहा लाख प्रतींमधून तिला देणं लागत नव्हतं. सर्लिंगलाही नाही, विगनच्या जमिनीवर पावडर टाकणाऱ्यांनाही नाही.

डाग या शब्दाचं पुढे काय झालं

५ जून १९८१ ला अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने लॉस एंजेलिसमधल्या पाच समलिंगी तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद छापली. एड्सविषयीची ती पहिली नोंद. त्याच्या पुढच्याच महिन्यात सॉफ्ट सेलचं गाणं आलं. गाणाऱ्यांना याची कल्पना असणं शक्यच नव्हतं. पण १९८२ मध्ये ते अमेरिकेतल्या क्लबांत वाजत असताना तिथे नाचणारे तरुण आजारी पडू लागले होते. डागाळलेलं प्रेम या शब्दांवर एक सावली पडली.

ती सावली उघडपणे गाण्यात आणली 'कॉइल' या गटाच्या जॉन बॅलन्स आणि पीटर क्रिस्टोफरसन यांनी, १९८५ मध्ये. त्यांनी गाणं इतकं संथ केलं की ते अंत्ययात्रेच्या पावलांनी चालतं. ताल जवळजवळ नाहीच, एखादी घंटा वाजल्यासारखे आघात आणि मध्ये लांब शांतता. नाचायचं गाणं, ज्यावर आता कुणाला हलवत नाही. विक्रीचा नफा टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला दिला. १९८२ मध्ये एड्सने गेलेल्या लंडनच्या तरुणाच्या नावाने त्याच्या मित्रांनी काढलेली ही संस्था. क्रिस्टोफरसनने केलेल्या चित्रफितीत मार्क आल्मंड स्वतः मृत्यूच्या दूताच्या रूपात येतो. रुग्णाच्या खाटेजवळ तो येतो ते पाहताना, चारच वर्षांपूर्वी ते नऊ मिनिटांचं गाणं त्यानेच गायलं होतं हे आठवतं आणि घसा दाटतो. माझ्या मते या गाण्याचं हे सर्वांत धाडसी रूप आहे. ते रोज ऐकवत नाही, आणि ऐकावं असंही नाही.

नंतरच्या कव्हरांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मॅरिलिन मॅन्सनने २००१ मध्ये एका सिनेमासाठी ते गडगडाटी केलं, ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. पुसीकॅट डॉल्सनी २००५ मध्ये तीच दोन गाणी पुन्हा जोडून गायली, म्हणजे कव्हर झालं ते खरं तर सॉफ्ट सेलच्या जोडणीचं. २००६ चं रिहानाचं 'एसओएस' मात्र वेगळं आहे. त्यात सॉफ्ट सेलच्या मुद्रणाचा तुकडा पायाशी ठेवून वर नवं गाणं उभारलं, आणि पळून जायचं आहे म्हणणाऱ्या सुरावर आता 'मला वाचवा' अशी हाक आली. ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, जे 'टेंटेड लव्ह'ला कधीच जमलं नव्हतं. गीतकारांच्या नावांत एड कॉब आहे. तो १९९९ मध्येच वारला होता.

ग्लोरिया जोन्सचं आयुष्य या गाण्याच्या बाहेरही मोठं आहे, आणि ते सांगितलं जात नाही याचं मला वाईट वाटतं. मोटाउनसाठी तिने गाणी लिहिली. ग्लॅडिस नाइटने १९७० मध्ये गायलेल्या 'इफ आय वेअर युअर वुमन'च्या गीतकारांत ती आहे, पण टोपणनावाने. १६ सप्टेंबर १९७७ च्या पहाटे लंडनमध्ये बार्न्स इथे ती चालवत असलेली मिनी गाडी झाडावर आदळली. शेजारी बसलेला मार्क बोलन जागीच गेला. त्याच्या तिसाव्या वाढदिवसाला दोन आठवडे उरले होते. तिचा जबडा मोडला. मुलगा दोन वर्षांचाही नव्हता. सॉफ्ट सेलचं गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं तेव्हा या घटनेला जेमतेम चार वर्षं झाली होती. पुढे तिने सिएरा लिओनमधल्या माकेनी गावात मुलांसाठी संगीतशाळा काढली आणि तिला बोलनचं नाव दिलं.

विगन कसिनो ६ डिसेंबर १९८१ ला बंद झालं, सॉफ्ट सेल शिखरावर असताना. पुढे इमारतीला आग लागली, ती पाडली गेली, आता त्या जागेवर खरेदीचं संकुल आहे. नॉर्दर्न सोलच्या रात्री मात्र ब्रिटनमध्ये अजून भरतात. काही ठिकाणी नियमच असतो: फक्त मूळची तबकडी लावायची, नंतर काढलेली प्रत चालणार नाही. तिथे डीजे चॅम्पियनची ती सात इंची तबकडी पाकिटातून काढतो, उलटी करतो आणि सुई मागच्या बाजूवर ठेवतो.